श्वासाला एक बाटली

आमच्या तपासणी खोलीच्या दारावर माझा फोटो लावला होता. डोक्यावर निळी टोपी, डोळे मिटलेले आणि चेहरा इतका शांत, की माझ्या नवऱ्यानंही ओळखला नसता. खाली मोठ्या अक्षरांत ‘एकाग्रतेचा आदर्श’. तो फोटो काढला तेव्हा मी घरचा गॅस बंद केला की नाही हे आठवत होते. येता-जाता सगळ्या माझी थट्टा करायच्या आणि मीही हसायचे. आता हसू येत नाही. माझ्या वन्संवर जे बालंट आलं, त्यात त्या फोटोचाही हात होता, आणि म्हणजे माझाही.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याच घरात राहतात, पण मिंध्या होऊन नाही. स्वतःच्या पगारावर, स्वतःच्या खोलीत, आणि भावाला चार शब्द सुनवायच्या पूर्ण हक्कानं राहतात. मला या कारखान्यात त्यांनीच लावलं. ही नोकरी गेली असती तर त्यांना कोणी घराबाहेर काढलं नसतं हे खरं, पण भावाच्या ताटातला घास त्यांना गिळवला नसता. या वयात दुसरीकडे कोणी उभंही केलं नसतं.

कारखाना औषधांचा आहे. इंजेक्शनच्या छोट्या काचेच्या बाटल्या भरून, बूच लावून आमच्याकडे येतात आणि आम्ही त्या नुसत्या डोळ्यांनी तपासतो. वर दिवा, समोर दोन पडदे, एक काळा, एक पांढरा. बाटली उचलायची, हलकेच फिरवायची आणि काळ्या पडद्यासमोर धरून पाच सेकंद बघायचं. काचेचा कण असला तर तिथे चमकतो. मग पांढऱ्यासमोर पाच सेकंद, कारण रबराचा काळा ठिपका तिथे दिसतो. काही दिसलं तर बाटली लाल खोक्यात, नाही तर पुढे. ऐकायला सोपं आहे. एक दिवस करून बघा म्हणजे कळेल. वीस मिनिटं झाली की डोळे बघत राहतात, पण सांगत काही नाहीत. म्हणून दर वीस मिनिटांनी आम्हाला पाच मिनिटं मिळायची. खिडकीपाशी एक बाक होता. त्यावर बसायचं आणि लांबच्या झाडांकडे बघत डोळे मोकळे करायचे.

वन्संची या कामात एकवीस वर्षं झाली होती. सदोष बाटली त्यांच्या हातून पुढे गेल्याची एकही नोंद नव्हती.

मग नवे व्यवस्थापक आले आणि त्यांच्या डोळ्यांत तो बाक खुपला. बसलेल्या बायका त्यांना बघवेनात. थेट बाक काढला असता तर बोंब झाली असती, म्हणून त्यांनी एक प्रशिक्षक आणला. पांढरे कपडे, आणि आवाज इतका हळू की ऐकायला सगळ्यांना पुढे वाकावं लागायचं. आम्ही त्यांचं नाव शांतीसाहेब ठेवलं. पहिला आठवडाभर त्यांनी आमच्याकडून त्राटक करून घेतलं. ज्योतीसमोर बसायचं आणि पापणी न लववता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत बघत राहायचं. ज्यांचं पोट डोळ्यांवर चालतं, त्या बायकांना कामाच्या आधी डोळे शिणवायला लावायचे, याला काय म्हणावं? मी विचारलं तर म्हणाले, ताई, तुमच्यात विरोध खूप आहे. विरोध आहेच माझ्यात, जन्मापासून आहे.

दुसऱ्या आठवड्यात ‘सोऽहं’ आलं. ‘सो’ म्हणत श्वास आत घ्यायचा, तोवर बाटली काळ्यासमोर. ‘हं’ म्हणत श्वास सोडायचा, तोवर बाटली पांढऱ्यासमोर. सगळं मनातल्या मनात. प्रत्येक श्वासाच्या सुरुवातीला एक घंटी वाजायची. श्वासाला एक बाटली. आता ध्यानातच विश्रांती आहे, तर वेगळ्या सुट्टीची गरज काय, असं म्हणून बाक उचलून नेला. दोन महिन्यांनी घंटी थोडी लवकर वाजायला लागली, मग आणखी लवकर. शांतीसाहेब म्हणाले, श्वास जरा आटोपशीर ठेवा. चहाची वेळ कापलेली मी पाहिली आहे, जेवणाची कापलेली पाहिली आहे. माणसाचा श्वास कापायला निघालेला कारखाना मी पहिल्यांदाच पाहिला.

मंत्राचा यात काही दोष नाही, हे आधीच सांगते. माझे सासरे सुतार होते आणि रोज पहाटे अर्धा तास हाच जप करायचे. वन्संना त्यांनी तो लहानपणीच शिकवला. मलाही शिकवायचा खूप प्रयत्न केला, पण माझं मन म्हणजे सुट्टी झालेल्या शाळेचं आवार. डोळे मिटले की मला भाजी, बिलं, शेजारीण, सगळं दिसतं. सासरे हसून म्हणायचे, राहू दे, तू आपली डोळे उघडे ठेवून जग.

त्यामुळे कारखान्यातही मी तो जप एक दिवस केला नाही. तोंडावर मास्क, आत मी काय पुटपुटते ते कोणाला दिसणार? मी आपली पहिल्यासारखी पाचपर्यंत मोजायची आणि मधे व्यवस्थापकांना नावं ठेवायची. घंटी वाजली तर वाजू दे. लाल खोक्यात सगळ्यांत जास्त बाटल्या माझ्याच पडायला लागल्या, आणि शांतीसाहेबांनी त्यावरून ठरवलं की माझं ध्यान सगळ्यांत खोल आहे. म्हणून तो फोटो. मी तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण फुकटचं कौतुक होतं, म्हटलं चालू दे.

वन्संना मात्र जप खरंच जमायचा. एकवीस वर्षं दुखणारे त्यांचे खांदे दुखायचे थांबले. घरी जाताना त्यांचा चेहरा झोपून उठल्यासारखा ताजा असायचा. एकदा म्हणाल्या, वहिनी, आठ तास कुठे जातात कळतच नाही गं. मला बरं वाटलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण पडला नाही.

त्यानंतर कुठल्याशा दवाखान्यातून एक बाटली परत आली. तिथल्या नर्सनं सुई खुपसण्याआधी ती उजेडात धरली, म्हणून बरं. आत काचेची कपची होती, पापणीच्या केसाएवढी. बाटलीवरच्या नंबरावरून शोध घेतला, तर ती वन्संच्या टेबलावरून गेलेली.

दुसऱ्याच दिवशी त्यांच्यापुढे एक छापील कागद आला. ‘प्रशिक्षण मिळूनही माझी एकाग्रता ढळली आणि माझ्या वैयक्तिक निष्काळजीपणामुळे सदोष बाटली पुढे गेली.’ खाली सहीची जागा. सही केली तर खोकी दुमडायच्या विभागात बदली, नाही केली तर शुक्रवारनंतर यायचं नाही.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पण घरी आल्यावर बघते तर वन्संनी पेन शोधून ठेवलेलं. नवऱ्याचं म्हणणं, सही करून टाक ताई, नोकरी तर राहील. हा माणूस भांडण टाळायला रस्ता बदलणारा, त्याच्याकडून दुसरं काय ऐकायचं. मी वन्संना विचारलं की तुमचं मन खरंच भटकलं होतं का?

“भटकलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “पण मी सुखात होते, वहिनी. कारखान्याच्या वेळेत, खुर्चीत बसून मी सुखात होते. कोणाच्या तरी अंगात काच गेली असती. चूक माझीच.”

कोणी थोबाडीत मारावी तसं मला झालं. या बाईनं एकवीस वर्षं डोळे जाळले, आणि तीन महिने खांदे दुखले नाहीत याची तिला लाज वाटत होती. मी तिथल्या तिथे इतकी ओरडले की नवरा दार लावायला उठला.

ओरडून झाल्यावर मला सासऱ्यांची करंगळी आठवली. त्यांच्या डाव्या करंगळीला वरचं पेर नव्हतं. तरुणपणी करवतीवर गेलं. मी नवी सून असताना विचारलं होतं, की कसं झालं? म्हणाले, त्या दिवशी जप फार छान चालला होता. तेव्हापासून त्यांनी नियमच केला होता, करवत सुरू झाली की जप बंद. जपात मन इंद्रियांना आत ओढून घेतं, मग करवतीकडे बघणार कोण, असं ते म्हणायचे. हे वन्संना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. बापाच्या त्या बोटावर फडकं बांधताना त्यांनी आईला मदत केली होती. मी नुसतं म्हटलं, वन्सं, बाबांची करंगळी. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि बाजूला ठेवलं.

शुक्रवारी व्यवस्थापकांच्या खोलीत आम्ही दोघी गेलो. मला बोलावलं नव्हतं, मी गेले. शांतीसाहेब तिथे होतेच. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईही होत्या. त्या मोजकं बोलणाऱ्या आणि कोणाच्या बाजूनं न बोलणाऱ्या. मी सांगितलं की या पद्धतीत खोट आहे, ज्याचा जप खरा लागतो त्यालाच बाटली दिसत नाही. शांतीसाहेब मंद हसले आणि माझ्याकडे हात करून म्हणाले, मग या ताईंचा निकाल सगळ्यांत चांगला कसा?

आता खरं बोलणं भाग होतं. मी म्हणाले, “कारण मी तुमचा जप एकदाही केला नाही. मी पाचपर्यंत मोजते आणि तुम्हाला नावं ठेवते.”

शांतीसाहेबांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं, ते आवरायचं कसं हे त्यांना कळेना. व्यवस्थापकांनी ही फसवणूक आहे, तुमच्यावरही कारवाई होईल, वगैरे ऐकवलं. मी म्हटलं, खुशाल करा, पण आधी परीक्षेचा ट्रे काढा. हा ट्रे प्रयोगशाळेत कुलपात असतो. चांगल्या बाटल्यांत दहा सदोष बाटल्या मिसळलेल्या, आणि कुठल्या ते फक्त प्रयोगशाळेच्या बाईंना ठाऊक. नवीन मुलगी कामाला घेताना तिची त्यावर परीक्षा होते. वन्संना त्यावर दोनदा बसवा, मी म्हटलं, एकदा जप करून आणि एकदा न करता. व्यवस्थापक नाहीच म्हणत होते. प्रयोगशाळेच्या बाई उठल्या आणि किल्ल्या घेऊन आल्या.

पहिल्या वेळी घंटी लावली. वन्सं बसल्या, दोन-चार बाटल्यांतच त्यांचे खांदे खाली आले, कपाळावरची आठी गेली. डोळे उघडे होते. हात बिनचूक फिरत होते, काळा, पांढरा, पुढे. काळा, पांढरा, पुढे. इतकं सुंदर काम मी पाहिलं नव्हतं. चौथ्या रांगेतल्या एका बाटलीत काच चमकली, ती मला मागे उभं राहून दिसली. वन्संच्या नाकासमोरून ती काळ्यापुढे गेली, पांढऱ्यापुढे गेली, आणि चांगल्या बाटल्यांत जाऊन उभी राहिली.

दहापैकी चार सापडल्या.

बाईंनी ट्रे आत नेऊन बाटल्यांच्या जागा बदलल्या. मग घंटी बंद करून वन्संना पुन्हा बसवलं. या वेळी त्यांची मान पुढे आली, आठी परत आली, खांदे कानाला लागले. हळू केलं, मधे दोनदा थांबून त्यांनी डोळे चोळले. शेवटी लाल खोक्यात दहा बाटल्या होत्या. दहाही बरोबर.

शांतीसाहेब म्हणाले की पहिल्या वेळी त्यांचं ध्यान नीट लागलं नसावं. वन्सं खुर्चीतच वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “पहिल्या वेळीच लागलं होतं. तुम्हाला कधी लागलंय का?” त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

व्यवस्थापक एकदम मवाळ झाले. झालं ते झालं म्हणाले, बदली नको, तुमच्या जागेवरच राहा, फक्त या कागदावर सही करा म्हणजे प्रकरण मिटेल. नोकरीही राहणार, जागाही राहणार, मग हा माणूस सहीला इतका का चिकटलाय, हे मला कळेना. कळलं ते प्रयोगशाळेच्या बाईंमुळे. त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, एकीचं मन भटकलं तर एकच बाटली वाईट. पद्धतच चुकली असेल तर तीन महिन्यांतल्या सगळ्याच संशयाच्या.

तर हे होतं. एक बाई निष्काळजी ठरली की बाकी सगळा माल सुटला. त्यासाठी माझ्या वन्संच्या तोंडून त्यांना वदवून घ्यायचं होतं, की माझं मन भटकलं. जे मन त्यांनी आयुष्यभर रोज पहाटे उठून जागेवर आणलं, तेच. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाही राग आला, कारण आता दिसेना.

वन्संनी तो कागद पुढे ओढला. मी हात धरायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. छापलेल्या मजकुरावर त्यांनी एक सरळ रेघ मारली आणि खाली शाळेतल्यासारख्या गोल अक्षरांत लिहिलं. ‘ती बाटली माझ्या हातून गेली हे खरं आहे. त्या वेळी माझी एकाग्रता ढळली नव्हती, ती लागली होती, आणि कारखान्यानं ती तशी लावायला सांगितली होती. त्यामुळे बाटलीकडे बघायला त्या खुर्चीत कोणी नव्हतं. तीन महिन्यांच्या बाटल्या परत मागवा. माझ्या टेबलावरच्या आधी.’ खाली सही केली, तारीख घातली.

व्यवस्थापक म्हणाले, असला कागद फाइलला लावता येत नाही. बाईंनी तो उचलला, वाचला, कोपऱ्यात ‘माझ्यासमोर’ असं लिहून आपली सही केली आणि स्वतःच्या फाइलमध्ये ठेवला.

आठवडाभरानं खोकी परत यायला लागली. वन्सं आपल्या जागेवर आहेत, मीही आहे, माझ्यावरची कारवाई कुठेतरी अडकून पडली आहे. शांतीसाहेब दुसऱ्या कुठल्या कारखान्यात हळू आवाजात बोलत असतील. वन्सं परत आलेली एकेक बाटली काढतात, बघतात, लाल खोक्यात टाकतात किंवा पुढे ठेवतात. आजवर त्यांच्या टेबलावरच्या सात सापडल्या. सातवी सापडली त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

परवा पहाटे मी पाणी प्यायला उठले, तर त्यांच्या खोलीत दिवा होता. त्या नेहमीच्या जागी भिंतीला टेकून बसलेल्या, पण डोळे उघडे. मी विचारलं, जप झाला का? त्या म्हणाल्या की बरेच दिवस होत नाहीये. मला वाटलं, मनाला लागलंय, होईल हळूहळू, आणि तसं म्हणालेही.

“तसं नाही, वहिनी,” त्या म्हणाल्या. “‘सो’ म्हटलं की हात उचलतो. बाटली धरायला.”

त्यांनी उजवा हात डाव्या हातानं मांडीवर दाबून धरला होता. मी त्यांच्याशेजारी बसले.